हेडसरांचं बोलावणं

पिंजरा दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी दारात उभी होते आणि सासूबाई उंबरा अडवून उभ्या होत्या.

"तो आत आणायचा नाही," त्या म्हणाल्या.

"आई, बाहेर ठेवला तर मांजर खाईल त्याला."

"खाऊ दे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. आमच्या सासूबाई म्हणजे गल्लीतली कुत्री व्याली की तिच्यासाठी गुळाचा शिरा करून नेणारी बाई. चिमण्यांनी पंख्यात येऊन मरू नये म्हणून ऐन वैशाखात पंखा बंद ठेवून घामाघूम बसणारी. त्या बाईच्या तोंडून 'खाऊ दे' निघालं होतं, तेही मालनमावशींच्या पोपटाबद्दल.

"सुतक म्हणत असाल तर ते त्यांच्या भाचेमंडळींना आहे. आपल्याला नाही," मी म्हटलं.

"सुतकाचं नाही."

"मग कशाचं आहे?"

त्यांनी उंबरा सोडला नाही. माझा स्वभाव तसा तिखटच. मी पिंजरा आडवा करून त्यांच्या बाजूने आत घुसले आणि मागच्या पडवीत खुंटीला अडकवून टाकला. त्या माझ्या मागे आल्या नाहीत. थोड्या वेळाने दारातूनच म्हणाल्या, "तेराव्यापर्यंत. तेराव्याला त्याला या घरातनं बाहेर काढायचा. मग कुठं न्यायचाय तिथं ने."

त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. मी पण फार आग्रह केला नाही.

आम्ही कराडला शिक्षक सोसायटीत राहायचो. सोसायटीतली सगळी घरं जोडघरं होती, म्हणजे दोन घरांना मधली भिंत एकच. विटा वाचाव्यात म्हणून शिक्षकांनी लढवलेली ती शक्कल होती. आमच्या भिंतीपलीकडे मालन डांगे राहायच्या. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर एका विद्यार्थिनीने त्यांना हा पोपट आणून दिला. पंख कुणीतरी आधीच कातरलेले होते आणि ते काही नीट उगवले नाहीत. पोपट पाळणं कायद्यात बसत नाही वगैरे आम्हाला कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं. मावशींनी त्याचं नाव ठेवलं हेडसर. शाळेतल्या एका हेडसरांनी त्यांना नोकरीभर बोलणी खायला घातली होती. "आता मी ह्यांना पिंजऱ्यात ठेवलेत," असं म्हणून त्या खो खो हसायच्या आणि मग मोठ्या अदबीने, "अहो हेडसर, पेरू घ्या," म्हणायच्या.

हेडसर बोलायचे ते मावशींच्याच आवाजात. नुसते शब्द नव्हेत, मावशींच्या आवाजातला तो किंचित घोगरेपणासुद्धा. "चपला बाहेर काढा." "कोण आलंय?" आणि सगळ्यात जास्त म्हणजे, "द्वारके, ये गं."

द्वारका म्हणजे माझ्या सासूबाई. माझे सासरे गेल्यावर या दोघी एकमेकींच्या आधाराने राहत होत्या. दुपारचा चहा रोज एकत्र, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. चहा झाला की मावशी मागच्या दारातून हाक मारायच्या, 'द्वारके, ये गं,' आणि हेडसरांनी तेवढं अगदी घोटून पाठ केलं. मग काय, दिवसातून कधीही हाक यायची. सासूबाई हातातलं काम टाकून पळायच्या. एकदा कणकेचे हात घेऊन गेल्या, एकदा अर्धी वेणी घालून गेल्या. मावशी शिवणयंत्रावर बसलेल्या असायच्या आणि यांना बघून त्यांचं हसू थांबायचं नाही. सासूबाई चिडल्या की त्यांना आणखी जोर चढायचा. अख्ख्या सोसायटीत ही करमणूक झाली होती.

शेवटी दोघींनी आपसात ठरवून टाकलं. खरं बोलावणं असेल तर मावशींनी हाक मारायची आणि मधल्या भिंतीवर लाटण्याने ठोकायचं. पोपटाला लाटणं धरता येत नाही. त्या दिवसापासून हाक आली की सासूबाई मान वर करून भिंतीकडे बघायच्या. ठोका आला तर उठायच्या, नाही आला तर "बस बोंबलत" म्हणून कामाला लागायच्या. मला या सगळ्याची गंमत वाटायची. माहेरी आमच्याकडे असली माणसं नव्हती.

मावशी पडल्या तेव्हा आम्ही घरात नव्हतो. माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं फलटणला. मी आणि आमचे हे गेलो होतो, सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. लग्नातल्या बुंदीचा डबा घेऊन मी मावशींकडे गेले, तर दार आतून बंद. कडी वाजवली. आतून कुणी "चपला बाहेर काढा" म्हटलं नाही. हेडसर गप्प आहेत हे मला दारातच खटकलं. ह्यांनी मागच्या भिंतीवरून उडी मारली आणि मागचं दार फोडलं.

मावशी न्हाणीघराच्या दारात पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. अंग थंड होतं, श्वास चालू होता. दवाखान्यात त्यांनी डोळे उघडलेच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

डॉक्टर भला माणूस होता. आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तो स्वतः बाहेर येऊन म्हणाला, "पडल्या पडल्याच शुद्ध गेली असणार. त्यांना काही कळलं नसेल. त्रास झाला नाही." ते एक वाक्य आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत होते. सासूबाई तेवढ्या शेजारी बसून गप्प असायच्या. मैत्रीण गेल्याचं दुःख आहे, असं मी धरून चालले.

पिंजरा न्हाणीघराच्या बाहेरच्या बोळात टांगलेला असायचा. आम्ही मावशींना घेऊन धावलो तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अंत्यविधी उरकून भाचा घर आवरायला लागला, तेव्हा मी आत गेले आणि पिंजऱ्यात बघितलं. पाण्याची वाटी कोरडी. हेडसर दांडीवर नव्हते, खाली तळाला बसले होते, मान अंगात घालून. छातीवरची पिसं त्यांनी स्वतःच उपटली होती आणि खाली लालसर कातडी दिसत होती. एक डोळा चिकटलेला.

"वहिनी, तुम्हाला हवा तर घ्या," भाचा म्हणाला. "नाहीतर मी नदीकाठच्या झाडावर नेऊन सोडतो."

"उडता येत नाही त्याला."

"मग काय करू, पुण्याला नेऊ? तिसऱ्या मजल्यावर?"

त्याचंही खरं होतं. मी पिंजरा उचलला. मावशींनी मला शिवण शिकवलं होतं, माझ्या पहिल्या ब्लाउजाच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या तेव्हा ती गोष्ट घरात कुणाला न सांगता उसवून दिल्या होत्या. त्या माणसासाठी मला आता काहीच करता येत नव्हतं. हा पक्षी जगवता येत होता. मी ठरवलं की हा जगलाच पाहिजे, आणि सासूबाईंनी ठरवलं होतं की तो घरात राहता कामा नये.

जनावरांच्या दवाखान्यात मी पिंजरा घेऊन गेले तेव्हा पुढे दोन म्हशी आणि एक गाभण शेळी होती. डॉक्टरांनी चष्मा वर करून पिंजऱ्यात बघितलं.

"बाई, मी म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस. याच्या पोटात करंगळीसुद्धा जायची नाही."

"काहीतरी सांगा. खात नाही तो."

त्यांनी हात धुतले, त्याला फडक्यात धरून बाहेर काढलं आणि बराच वेळ तपासलं. कोमट पाण्याने डोळा पुसला. "उपासानं आणि तहानेनं गळालाय. मीठ-साखरेचं पाणी ड्रॉपरनं, थेंब थेंब. घाई केलीत तर नाकात जाईल. दूध देऊ नका, लोक देतात. जरा तग धरला की भिजवलेली डाळ, पेरू. उन्हात ठेवा, वाऱ्यात नको."

"आणि पिसं?"

"ती तो भीतीनं उपटतो. माणसात वाढलेला दिसतोय. माणसाचा आवाज असू द्या जवळ. घरात सतत बोलणारं कुणी आहे का?"

"मीच आहे," मी म्हटलं. डॉक्टर हसले. त्या आठवड्यात मी हसणारं माणूस पहिल्यांदाच बघत होते.

मग माझा उद्योग सुरू झाला. पदराच्या टोकात त्याला गुंडाळायचं, ड्रॉपर चोचीच्या कडेला लावायचा, एक थेंब सोडायचा आणि वाट बघायची. पहिल्यांदा बरंचसं पाणी चोचीतून बाहेर ओघळायचं. माझ्या हातात त्याचं काळीज धडधडताना कळायचं आणि मला भीती वाटायची की हे आता माझ्याच हातात थांबणार. मी बोलत राहायचे. भाजीचा भाव, फलटणच्या लग्नातलं जेवण, नवरीच्या सासूचं नाक, जे सुचेल ते. तो एका डोळ्याने माझ्याकडे बघायचा. काही दिवसांनी तो थेंब आपणहून गिळायला लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी डाळीचा एक दाणा पायात धरून कुरतडला. मी त्या दाण्यासाठी देवापुढे साखर ठेवली.

सासूबाई पडवीत पाऊल टाकत नव्हत्या. मागच्या दाराजवळ बसून भाजी निवडायची त्यांची जन्माची सवय, ती त्यांनी सोडली. स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकून दुपारी पडायच्या, ते आता पुढच्या खोलीत पडायला लागल्या. मी बाजारातून आले की पिंजऱ्यावर जाड सतरंजी टाकलेली असायची. मी काढायचे. दुसऱ्या दिवशी परत असायची.

"आई, त्याला ऊन पाहिजे."

"मला गार वाटत होतं, दार लावलं."

"सतरंजी त्याच्यावर का?"

"उडून पडली असेल."

आमच्या सतरंजीला पंख फुटलेले मी कधी बघितले नव्हते. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या उठून देवळात निघून गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत आल्या नाहीत.

ह्यांनी माझी समजूत घालायचा प्रयत्न केला. "आईला त्रास होतोय तर दे ना कुणाला. एका पोपटापायी घरात दोन तोंडं दोन दिशेला."

"त्यांना पोपट नको की मावशींची आठवण नको, एवढं मला विचारून सांगा."

"तूच विचार," हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले. त्या घरात अवघड प्रश्नांची हीच पद्धत होती.

मग मी विचारलं. नीट विचारायला हवं होतं, पण माझ्याच्याने ते झालं नाही. सासूबाई तेराव्याच्या स्वयंपाकासाठी भाच्याला काय काय सामान लागेल ते ह्यांना सांगत होत्या, मधेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि परवा तो पिंजरा जाणार, लक्षात आहे ना?"

"मावशींनी तुमचं काय कमी केलं होतं?" मी म्हटलं. "तुम्हाला टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस त्या बसल्या होत्या उशाशी. त्यांचं एवढंसं पाखरू तुम्हाला घरात चालत नाही. तेराव्याचं गोडधोड मात्र चालणार."

हे "उज्ज्वला" म्हणून माझ्यावर जवळजवळ ओरडले. सासूबाईंचा चेहरा मला आजही दिसतो. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. मी बोलले ते सगळं त्यांना मान्य असल्यासारखी त्यांनी मान खाली घातली. मला ते मुळीच आवडलं नाही, आणि का आवडलं नाही ते कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसर बोलले. मी मागच्या दारात चपला काढत होते आणि पिंजऱ्यातून बारीक आवाज आला, "चपला बाहेर." अर्धंच वाक्य. मी आनंदाने आत धावले.

"आई, बोलला तो. ऐकलंत का?"

सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. "काय बोलला?" त्यांनी विचारलं. मागे न वळता.

"चपला बाहेर."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. ओट्याची कड त्यांनी धरून ठेवली होती.

दुपारी मी पडवीत कपडे धूत होते. पिंजरा उन्हात होता. सासूबाई आत, तेराव्यासाठी तांदूळ निवडत बसलेल्या. साबणाचा हात निसटला आणि पितळेचा तांब्या फरशीवर आपटून मोरीपर्यंत घरंगळत गेला. मोठा आवाज झाला. हेडसर दांडीवर ताठ झाले, अंगावरची उरलीसुरली पिसं मिटून एकदम बारीक दिसायला लागले. मग त्यांनी हाक मारली.

"द्वारके."

ही ती रोजची हाक नव्हती. रोजच्या हाकेत हसू असायचं. हा आवाज खोल गेलेला होता, दम लागलेला.

"द्वारके, ये गं. द्वारके." मधे श्वास. मग, "हेडसर नाहीत गं. मी आहे. मी."

माझे हात बादलीतच राहिले.

"हेडसर नाहीत गं, मी आहे. ये की गं." आणि मग नुसता कण्हण्याचा आवाज, शब्द नसलेला. मग परत पहिल्यापासून.

मला कळायला थोडा वेळ लागला. पोपटाला एक नवं वाक्य शिकवायला मावशींना महिना महिना लागायचा. हे वाक्य त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. हे त्याने ऐकलं होतं, पुन्हा पुन्हा, पिंजऱ्याच्या खालून. पडल्या पडल्या शुद्ध गेली, त्रास झाला नाही, असं मी दहा माणसांना सांगितलं होतं.

मी वळून बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. तांदळाचं सूप त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते खाली नीट ठेवलं आणि उंबऱ्यावर बसल्या.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या.

"आई, मावशी शुद्धीवर होत्या."

"हो."

"तुम्हाला कसं..."

"मी ऐकलंय ना. तेव्हाच." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब सांगावा तसा. "तुम्ही लग्नाला गेलात त्या सकाळी. मी पोळ्या करत होते. हाक आली. मी भिंतीकडं बघितलं. ठोकतीय का बघत राहिले. ठोकलं नाही. न्हाणीघर त्या अंगाला, ती कुठनं ठोकणार? पण ते मला तेव्हा काय माहीत. मी म्हटलं, बस बोंबलत."

हेडसर परत सुरू झाले होते. त्या थांबल्या आणि त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"मग हे आलं. हेडसर नाहीत, मी आहे."

"हे पण ऐकू आलं?"

"स्वच्छ. मागची खिडकी उघडी होती." त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि परत खाली सोडला. "मला वाटलं, नवीन शिकवलं तिनं त्याला. मालनच ती. मला फसवायला तिनं काय काय नाही केलं? मी म्हटलं, आता हे काढलंय वाटतं. मी हसले गं. पोळी लाटता लाटता हसले."

मी बादलीतून हात बाहेर काढले.

"आणि खिडकीतनं ओरडून सांगितलं पण. म्हटलं, 'कळलं हो हेडसर, आता काही मी यायची नाही.' मग आवाज बंद झाला. मला वाटलं, हरली."

पडवीत ऊन होतं, बादलीतल्या पाण्यावर साबणाचा फेस होता.

"दुपारी चहाला आल्या नाहीत, तेव्हा?" मी शेवटी विचारलं.

"वाटलं, रुसली. मलाही हट्ट. म्हटलं, येईल आपण होऊन. संध्याकाळी परत बारीक हाक आली एकदा. मी भिंतीकडं बघितलं." त्या थांबल्या. "नुसतं बघितलं."

'तुमची काय चूक, आई,' असं मला म्हणता आलं असतं. चूक नव्हतीच, दोघींनी मिळून ठरवलेलं त्या पाळत होत्या. पण ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. मावशी त्या बोळात पडल्यापडल्या 'यायची नाही' हे ऐकत होत्या, आणि त्यांना द्वारकेला पटवून द्यायचं होतं की मी पोपट नाही. एवढं साधं त्यांना पटवता आलं नाही. मी रडले ते मावशींसाठी रडले. सासूबाई रडत नव्हत्या.

मी डोळे पुसले. "उद्या तेरावं आहे," मी म्हटलं. "मी सकाळीच त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं देऊन येते. ते ठेवून घेतील कुठंतरी."

"नको."

"तुम्हाला रोज हे ऐकायला लागेल."

"मी म्हटलं ना, नको." त्या भिंतीला धरून उठल्या. "तो बोलायला लागला की सगळ्यांना कळणार, म्हणून नको होता मला. तू त्याला पाणी पाजत होतीस आणि मी देवळात बसून तो मरावा म्हणून वाट बघत होते. देवापुढं बसून. आता तुला कळलंय. आता त्याला घालवून काय लपवू?"

"पण आई..."

"तिचं एवढंच राहिलंय, उज्ज्वला. ते कुणा परक्याच्या घरी ऐकू येत राहावं?"

पडवीच्या दोन पायऱ्या त्या कितीतरी दिवसांनी उतरल्या. पिंजऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हेडसरांनी मान तिरकी केली आणि परत ते सगळं म्हणून दाखवलं, धापांसकट. सासूबाईंनी पिंजऱ्याच्या सळईला हात लावला.

"आले गं, मालन," त्या म्हणाल्या. "आले."

हेडसर राहिले. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी ह्यांनाही सगळं सांगितलं, आणि ह्यांनी त्या वेळी पेपर उघडला नाही. छातीवर नवी पिसं यायला लागली, हेडसर पेरू खायला लागले, माझं बोट फोडायला लागले. जुनी वाक्यं एकेक करून परत आली. पण ती हाक गेली नाही. कधी भांडं पडलं की यायची, कधी काही न पडता यायची. सासूबाई काय करत असतील ते टाकून उठायच्या. पूजेत असोत, जेवत असोत, दारात पाहुणे असोत. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, पडवीत जायच्या आणि पिंजऱ्यापाशी उभ्या राहून "आले गं, आले," म्हणायच्या. कधी थोडा पेरू द्यायच्या, कधी नुसत्याच उभ्या राहायच्या. पाहुण्यांना वाटायचं म्हातारीला पोपटाचा भारी लळा आहे. मी सुरुवातीला म्हणायचे की आई, जेवण तरी पुरं करा. मग म्हणणं सोडलं.

असं वर्षभर चाललं असेल. थंडीचे दिवस होते. आम्ही दोघी मागच्या दाराशी मेथी निवडत बसलो होतो, सासूबाई आपल्या जुन्या जागेवर. पिंजऱ्यातून हाक आली.

"द्वारके, ये गं. हेडसर नाहीत गं, मी आहे. मी."

सासूबाईंनी मांडीवरची मेथी बाजूला केली. तेवढ्यात पिंजऱ्यातूनच उत्तर आलं.

"आले गं, आले."

हुबेहूब सासूबाईंचा आवाज. तोच थकलेला, शेवटी किंचित खाली जाणारा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हेडसरांनी दांडीवर दोन पावलं टाकली, चोच घासली आणि गप्प झाले. माझ्या अंगावर काटा आला होता, पण मला बरंही वाटलं. वाटलं, सुटल्या एकदाच्या.

"बसा आई," मी म्हटलं. "आज त्यानंच उत्तर दिलं."

सासूबाईंनी पदराला लागलेली मेथी झटकली.

"नुसतं म्हणून काय होतंय?" त्या म्हणाल्या. "जायला नको कुणी?"

आणि गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या, पडवीत गेल्या.